परसबागेतली गाडी आणि आमचे सिग्नल



आमच्या शाळेच्या परसबागेचा फोटो पाहून एका शिक्षिका मैत्रिणीने विचारलं, "भेंडीच्या वाफ्यात ते रेल्वेचे सिग्नल कसले गं उभे केलेत? कृती लिहून पाठव ना." कृती लिहायला बसले आणि चार ओळींतच लक्षात आलं की मला लिहायचंय ते वेगळंच आहे. तरी कृतीही देते. कुणाला करून बघायची असेल तर उपयोगी पडेल.

मी राहते मुरबाडला आणि शाळा शहापूर तालुक्यात. सरळगाव, किन्हवली करत रोज स्कूटीने जाते. आमच्या मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून ती येणार, येणार, हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. त्यामुळे रेल्वेतलं माझं ज्ञान तिकीट आणि गर्दी एवढंच. याउलट आमच्या शाळेतली मुलं आटगाव, खर्डी, कसारा या पट्ट्यातली. आवाजावरून मालगाडी की मेल हे सांगतात. मोठेपणी कोण होणार असं विचारलं तर निम्मे मुलगे "मोटरमन" म्हणतात. मुलीही म्हणतात हल्ली.

गेल्या वर्षी आमची सहल माथेरानला गेली. अमन लॉजपासून माथेरानपर्यंत मुलं छोट्या गाडीत बसली. सगळ्यांना गंमत वाटली ती रुळांची. एकाने फूटपट्टी काढून मोजलंच. दोन फूट! आपल्या कसारा लोकलचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटरवर आणि इथे फक्त ६१०. मग मी सांगितलं की ही गाडी १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून बांधली, आणि डोंगरात वळणं फार कडक घ्यावी लागतात म्हणून रूळ असे जवळजवळ ठेवले. ऐकलं किती जणांनी देव जाणे. पण परत येताना बसमध्ये चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, आपल्या परसबागेत बसंल का अशी?"

बसली. एकास दहा प्रमाण धरलं, म्हणजे दोन रुळांत ६.१ सेंटिमीटर. चौथीला प्रमाण शिकवायचं नसतं हे मला माहीत आहे, पण मुलांनीच ६१० ला दहाने भागलं, मी काय करणार? बांबूच्या चिवा तासून रूळ केले, मोडक्या बाकाच्या फळ्यांचे स्लीपर. चाकं जुन्या चपलांची, पण जोडचाकं : एक मोठी चकती आणि तिला चिकटवलेली एक लहान. मोठी आतल्या बाजूला राहते, म्हणून वॅगन रुळावरून उतरत नाही. खऱ्या गाडीच्या चाकाला आतून कड असते ती ही. इंजीन नाही. आमची परसबाग उतारावर आहे, वरच्या नळापासून खाली स्वयंपाकघरापर्यंत. वर वॅगनमध्ये भाजी भरायची आणि सोडून द्यायची. खाली पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी उतरवून घेतात. सुरुवातीला त्या हसायच्या. नंतर मिरच्या आल्या नाहीत की "गाडी लेट का?" म्हणून ओरडायला लागल्या.

अडचण अशी की मध्ये वळण आहे आणि वळणावर तूर दाट वाढलेली. वरच्याला खालचं दिसत नाही. खाली एक वॅगन रिकामी होत असताना वरून दुसरी सुटली आणि धडकली. मुलांनी आधी आरोळीची पद्धत लावली, पण शेजारच्या वर्गात पाढे चाललेले असले की आरोळी कुणाला ऐकू येणार? तेव्हा सिग्नलचा विषय निघाला.

आता कृती. खांबाला अर्धा इंची पीव्हीसी पाइप, साधारण दोन हात उंच. हात, म्हणजे सिग्नलची आडवी पट्टी, तेलाच्या पत्र्याच्या डब्याची. पत्रा मी स्वतः कापला, मुलांच्या हाती दिला नाही. कडा घासून त्यावर टेप लावला. लाल रंग आणि टोकाजवळ पांढरा पट्टा. हात फिरायला सायकलचा स्पोक. ओढायला मासे पकडायचं तंगूस, ते दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरून वळवत खालच्या स्टेशनपर्यंत नेलं आणि तिथे फळीची एक दांडी केली. आडवा हात म्हणजे थांब, खाली झुकलेला म्हणजे ये.

आम्ही केलं ते असं : दांडी ओढली की हात वर उचलला जाई, सोडली की आपल्या वजनाने खाली पडे. छान चाललं होतं. आठवड्याने एकदा रिळाजवळ तंगूस घासून तुटलं. हात आपोआप खाली पडला. वरच्याला वाटलं "ये" म्हणतायत. त्याने वॅगन सोडली. खाली दुसरीतल्या मुलीचं बोट दोन वॅगनमध्ये आलं. नख काळं पडलं. मी घाबरून गाडीच बंद केली.

तिचे आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मी ऐकून घ्यायची तयारी करून बसले होते. ते रेल्वेत सांधेवाले होते, आता निवृत्त. माझ्याशी काही न बोलता परसबागेत गेले, सिग्नल हलवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा उलटा बांधलाय. तार तुटली तर गाडी थांबाय पाहिजे. तुमची तार तुटली तर गाडी सुटते."

मग त्यांनीच समजावलं. जुन्या सिग्नलचा हात केबिनमधून तार ओढून खाली पाडायचा असतो. आडवा ठेवायला मात्र ओढायची गरज नाही, ते काम वजन करतं. तार तुटो, दांडी निसटो, माणूस चक्कर येऊन पडो, हात आडवाच होणार. आपण "सिग्नल पडला" म्हणतो ते यावरून. पडला की गाडी सुटते. हा शब्द मी जन्मभर वापरत आले होते, पण काय पडतं हे कधी मनात आलं नव्हतं.

घाटातली गोष्टही त्यांनी सांगितली. कसारा ते इगतपुरी हा घाट १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इगतपुरीहून खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक धरत नसतील तर काय? म्हणून घाटात एक आडवाट ठेवलेली, कॅच सायडिंग. सांधा नेहमी त्या आडवाटेकडेच वळवलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग सांधा सरळ मार्गाला लावतात. न थांबलेली गाडी आडवाटेवर चढून तिथेच अडकते. (मुलांना यात भलतीच मजा वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. घाट उतरणारी गाडी मुंबईकडे जाते म्हणून तिला "अप" म्हणतात! "बाई, उतरते तरी अप?")

आजोबांच्या सांगण्यावरून हात बदलला. स्पोकच्या मागे हाताचं शेपूट वाढवलं आणि त्याला दोन जड नट बांधले. आता शेपूट खाली ओढतं आणि हात आडवा राहतो. आणखी वर जाऊ नये म्हणून एक खिळा. तंगूस हाताला पुढून बांधलं. दांडी ओढली की हात झुकतो, सोडली की नट त्याला जागेवर आणतात. करून बघणाऱ्यांनी नट एकदम घट्ट बांधू नयेत, पुढेमागे सरकवून जागा सापडवावी लागते. आमचा त्यात एक शनिवार गेला. मग मुलांनी कात्रीने मुद्दाम तंगूस कापून बघितलं. हात टक्कन आडवा. पुन्हा बांधून पुन्हा कापलं. चार वेळा! तंगूस संपलं.

हे सगळं जमवणारा होता सहलीच्या बसमध्ये प्रश्न विचारणारा तो चौथीतला मुलगा. त्याचं नाव लिहीत नाही, खोटं नाव द्यायलाही जीव होत नाही. अभ्यासात मध्यम, हाताने हुशार. वरच्या स्टेशनचा मास्तर तोच. हात बघून वॅगन सोडण्यात त्याची एकदाही चूक झाली नाही.

स्नेहसंमेलन जवळ आलं. पालकांना गाडी दाखवायची, तीही संध्याकाळी, म्हणजे सिग्नलला दिवे हवेत. मुलांनी चपलेच्या खोक्याला एक खिडकी पाडली, आत दिवाळीच्या माळेतला पांढरा दिवा ठेवला आणि खिडकीपुढे सरकणारी पट्टी केली. पट्टीवर सजावटीतले जिलेटीनचे दोन तुकडे, एक लाल, एक हिरवा. तंगूस ओढलं की लाल जाऊन हिरवा समोर येतो. काम सुबक झालं होतं. मी फोटोही काढला.

तालमीच्या संध्याकाळी त्याने लाल दिव्यावर वॅगन सोडली. खालची वॅगन भरलेली होती, टोमॅटो सगळे मातीत. मी रागावले. पुन्हा सुरू केलं, तर हिरवा लागला आणि हा थांबलेलाच. मुलं हसायला लागली. तिसऱ्यांदा परत लालवर सोडली. बोट चिरडलेली ती मुलगी खालीच उभी होती. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "डोळे आहेत की बटणं?"

तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "बाई, हात लावा ना. दिवा नको."

घरी येताना किन्हवलीच्या पुढे अंधार पडला होता. ते वाक्य डोक्यातून जाईना. हात लावा ना. हातावर हा मुलगा कधीच का चुकत नाही? मग एकेक आठवायला लागलं. टोमॅटो तोडायला पाठवलं की हा कच्चेच घेऊन यायचा, आणि सगळे त्याला "वेंधळा" म्हणायचे. दुसरीत त्याने झाडाची पानं तपकिरी रंगवली होती. मी वहीत शेरा दिला होता, "लक्ष देऊन रंगव." आणि आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत, माझ्याच अक्षरात, सलग दोन वर्षं : "रंगसंगतीचे भान नाही. लक्ष विचलित होते."

त्या रात्री बराच वेळ वाचत बसले. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाला शंका आली की रेल्वेच्या माणसाला दिव्याचे रंगच नीट ओळखू आले नसावेत. त्याने रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना तपासायला एक साधी पद्धत काढली : रंगीत लोकरीच्या लडी समोर टाकायच्या आणि सारख्या दिसतात त्या वेगळ्या काढायला सांगायचं. ठिपक्यांमध्ये आकडा लपवलेली इशिहारा यांची चित्रं नंतरची, १९१७ ची. डॉक्टर आजही ती वापरतात. रंग न ओळखणं ही दृष्टीची कमजोरी नव्हे, दूरचं बारीक अक्षरही हा मुलगा वाचतो. पडद्यावरच्या पेशींपैकी काही वेगळं काम करतात आणि लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळतात.

लोकर तर आमच्या कार्यानुभवाच्या पेटीत होतीच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावलं. परीक्षा आहे असं सांगितलं नाही, "एवढी लोकर लावून दे" म्हटलं. फिकट हिरव्याशेजारी त्याने बदामी ठेवली, बदामीशेजारी राखाडी. गडद हिरव्याच्या गठ्ठ्यात तांबडी तपकिरी गेली. निळी आणि पिवळी मात्र एकदम बरोबर. फार मन लावून, हलक्या हाताने लावत होता. मला बघवेना.

इथे एक सांगते. लोकरीवरून किंवा मोबाइलवरच्या चित्रांवरून निदान करू नका, मोबाइलचे रंग फोनगणिक बदलतात. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच नेलं. त्यांनी इशिहाराची चित्रं दाखवली आणि लाल-हिरवा रंगभेद कळत नाही असं निश्चित सांगितलं. जन्मापासून आहे, वाढणार नाही, औषध नाही.

आई माझ्यासोबत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "माझ्या भावाचं पण हेच असंल का हो?" भाऊ लेखी परीक्षा पास होऊन भरतीच्या मेडिकलमध्ये बाद झाला होता. घरात सगळ्यांनी धरून चाललं की वशिला नव्हता म्हणून. तोही तेच सांगायचा. डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी तिला जमेल तसं सांगितलं : हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला रंग नीट दिसत असले तरी. म्हणून मामा आणि भाचा दोघांत सापडतो, मुलींत फार क्वचित. ती एकदम म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं?" याचं उत्तर डी.एड.ला शिकवलेलं नाही. कुणामुळे नाही, एवढंच म्हटलं, आणि बसस्टँडवर आम्ही चहा घेतला.

मुलाला सांगणं त्याहून अवघड. मला वाटत होतं, आत्ताच कशाला, लहान आहे. पण त्याने स्वतःच विचारलं. "मोटरमन होता यायचं नाय ना?" खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. गाडी चालवायला रंग ओळखावेच लागतात, त्यात सूट नसते, हे सांगितलं. गाड्या बांधणाऱ्यांची, दुरुस्त करणाऱ्यांची कामं वेगळी असतात, तिथले नियम बघावे लागतील, हेही सांगितलं, पण ते त्याने ऐकलं नसावं. तो उठला, परसबागेत गेला आणि बराच वेळ सिग्नलचे नट मागेपुढे करत बसला. मी गेले नाही मागे.

वर्गात बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागल्या. आमचा फळा हिरवा. मी जोडाक्षरं लाल खडूने लिहायचे, उठून दिसतात म्हणून! ती त्याला उठून तर नाहीच, मुळीच दिसत नव्हती. आता पांढरा आणि पिवळा, आणि रंगाऐवजी खाली रेघ. त्याच्या खडूंच्या डबीतल्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहिलं. टोमॅटो तो आता हाताने दाबून तोडतो, आणि मावशी म्हणतात तेच चांगले पिकलेले असतात. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. मुलांनी ती फार मनावर घेतली नाही. "बाई, त्याला आमचा शर्ट कोणत्या रंगाचा दिसतो?" हाच प्रश्न दोन दिवस चालला. शेवटी तोच वैतागून ओरडला, "शर्टाच्या रंगाचा!"

राहिला दिवा. आजोबांना विचारलं, पूर्वी केबिनमध्ये तुम्ही काय करायचात? ते म्हणाले, सिग्नलच्या हातालाच मागे दोन काचांची चौकट असायची, हाताबरोबर फिरणारी, आणि तिच्यामागे रॉकेलचा कंदील. "ती दुसरी काच हिरवी नसायची बरं का. दिवसा हातात धरली तर निळसर दिसायची. कंदिलाच्या पिवळ्या ज्योतीपुढं धरली की हिरवी व्हायची." मी त्या मुलाकडे पाहिलं. निळा त्याला दिसतो. तो आधीच जिलेटीनचा गठ्ठा शोधायला पळाला होता.

खोक्यातला पांढरा दिवा काढून पिवळसर लावला, हिरव्याच्या जागी निळं जिलेटीन. आम्हाला तो समुद्रासारखा हिरवा दिसत होता. त्याला काय दिसत होतं ते त्यालाच ठाऊक, पण लाल आणि हा, दोन्ही वेगळे आहेत असं तो म्हणाला. तांदळाच्या अंधाऱ्या खोलीत वीस वेळा पट्टी सरकवली, वीस वेळा बरोबर. शिवाय त्यानेच ती पट्टी हाताला जोडून टाकली, म्हणजे उजेड असला तर हात, नसला तर दिवा. आणि तंगूस तुटलं तर लालच.

स्नेहसंमेलनाला त्याचा मामा आला होता. चांगला उंच माणूस, हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे, पुढचे नट त्याच्याकडूनच येतात. बाकीचे पालक खाली खुर्च्यांवर बसले आणि हा वरच्या नळापाशी भाच्याच्या मागे उभा राहिला. अंधार पडला होता. मी टॉर्च घेऊन तिथेच होते. पहिली वॅगन गेली, खाली उतरवणं चाललं होतं, दिवा लाल. भाच्याने दुसरी वॅगन हाताने अडवून धरलेली. मामा वाकून वळणाकडे बघत होता. तुरीतून दांडी ओढल्याचा आवाज आला, पट्टी सरकली.

"पडला," मामा म्हणाला. भाच्याच्या आधी.

त्याने वॅगन सोडली.